नानांच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी, कोचीहून

कोची, जपान
12 जुलै

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाशिकच्या आपल्या संघाच्या ज्येष्ठ दिनाचं बजेट ठरवताय आणि जपानात हा दिवस कसा करतात ते विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. (शेजारच्या देशपांडे वहिनींना सांगा, हे केरळातलं कोची नव्हे, शिकोकू बेटावरचं.) माझं मत आधीच सांगून टाकते: शाल-श्रीफळाचे पैसे निम्मे करा आणि उरलेल्यात खुर्च्या घ्या.

इथे सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठांचा. 1966 पासून सरकारी सुट्टी, 2002 पर्यंत तारीख 15 सप्टेंबर. सुरुवात झाली 1947 साली, ह्योगो प्रांतातल्या एका खेड्यात. गावाने सप्टेंबरचा मध्य धरला, कारण तेव्हा शेतीला जरा उसंत असते आणि हवाही बरी. आपण मात्र संयुक्त राष्ट्रसंघाची 1 ऑक्टोबर ही तारीख धरून बसतो. तेव्हा कधी पितृपक्ष, कधी नवरात्र, वर द्राक्षाची छाटणी. निफाड-दिंडोरीला ज्यांची शेती त्यांची मुलं कार्यक्रमाला येणार कशी? द्राक्षाच्या कामांतून उसंत असेल असा रविवार घ्या, सकाळी अकरा ते एक. संध्याकाळ नकोच, मोतीबिंदूवाल्यांना परतताना रस्ता दिसत नाही.

सत्कारमूर्तींना स्टेजवर चढवू नका. कठडा नसलेल्या त्या तीन पायऱ्यांवरच माणूस पडतो. पाहुण्यांनी खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी जावं. भाषणं दोनच, आणि साडेबाराला पानं वाढलेली हवीत. मधुमेहाची गोळी घेऊन बसलेल्यांना नगरसेवकांची वाट पाहायला लावणं बरं नाही.

भेटवस्तूंचं काय होतं तेही ऐका. शंभरी गाठणाऱ्यांना इथे 1963 पासून पंतप्रधानांच्या नावे चांदीचा प्याला मिळतो. त्या वर्षी देशात शंभरीपार माणसं होती 153. 2025 मध्ये 99,763. खर्च झेपेना म्हणून 2016 पासून प्याला नुसता चांदीचा मुलामा दिलेला. तुमच्या संघातही दरवर्षी पंचाहत्तरीवाले वाढतच जाणार, तेव्हा यादी आत्ताच आवरती घ्या. साठीला इथे तांबडी बंडी घालतात, कारण साठ वर्षांचं चक्र पुरं होतं. आपली साठीशांतही साठ संवत्सरांच्याच हिशोबावर. सहस्रचंद्रदर्शन मात्र घरच्यांना करू द्या, संघाने फक्त हजर राहावं.

आता खुर्च्या. कोची महापालिकेने 2002 मध्ये खुर्चीवर बसून करायचा एक व्यायाम तयार केला, तो आता देशभर चालतो. महापालिका वजनं आणि व्हिडिओ देते, शिकवणारा माणूस सुरुवातीला काही वेळा येतो, मग गल्लीतले लोकच तो चालवतात. मनगटाला आणि घोट्याला पट्टा बांधायचा, त्यात वजन दहा टप्प्यांत 2.2 किलोपर्यंत वाढवता येतं. हात पुढे नि बाजूला उचलणं, खुर्चीतून उठणं-बसणं, बसून गुडघा सरळ करणं, खुर्चीची पाठ धरून पाय मागे नि बाजूला नेणं. चार आकड्यांत वर, चार आकड्यांत खाली, प्रत्येक प्रकार दहा वेळा. आकडे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचे. ते गंमत म्हणून नाही: तोंडाने मोजणाऱ्याला श्वास कोंडून धरता येत नाही, आणि श्वास कोंडला की बीपी चढतं.

पट्टे घरी शिवता येतील. दुहेरी मांजरपाट, आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली धुतलेली वाळू, दोनशे ग्रॅमची एकेक पुरचुंडी, बाहेरून वेल्क्रो. पहिले दोन-तीन आठवडे वजन अजिबात नको. नंतर दहा वेळा सहज झालं तरच एक पुरचुंडी वाढवायची. दुसऱ्या दिवशी सांधा दुखला तर एक काढायची. पुरुष मंडळी शेजाऱ्याकडे बघून वजन वाढवतात, तिथे जरा डोळा ठेवा. आठवड्यातून दोनदा पुरे, पण लागोपाठच्या दिवशी नको, स्नायूंना मध्ये विश्रांती लागते.

खुर्ची लग्नाच्या हॉलमध्ये असते तशी लोखंडी फ्रेमची, हात नसलेली, पायांना रबरी बुचं असलेली. प्लास्टिकची गुळगुळीत फरशीवर सरकते आणि पाठ धरून उभं राहिलं की वाकते. उठ-बस करताना तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी.

व्यायामाचा गट मोडतो तो बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे अंतर: गंगापूर रोडवरची माणसं सिडकोत रिक्षाने किती दिवस येतील? चालत दहा मिनिटांच्या आतच जागा बघा, मग ती मंदिराचा सभामंडप का असेना. दुसरं, पुरुषांची गळती. ही इथेही आहे. 'व्यायामाला या' म्हटलं की ते येत नाहीत. किल्ली, हजेरीवही किंवा चहाचा हिशोब हातात दिला की वेळेच्या आधी हजर.

जे येतच नाहीत त्यांच्यासाठी इथे वस्तीवस्तीत घरी जाऊन चौकशी करणारे बिनपगारी स्वयंसेवक असतात. मूळ पद्धत 1917 ची, ओकायामा प्रांतातली. नेमणूक सरकारी, मुदत तीन वर्षं, घरातलं ऐकलेलं बाहेर न बोलण्याचं बंधन. हे शेवटचं तुमच्या लोकांकडून कबूल करून घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा दार उघडणार नाही. 1972 पासून याकुल्ट या आंबवलेल्या दुधाच्या पेयाच्या बाटल्या घरोघरी पोचवणाऱ्या बायकाही एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करतात. आपल्याकडे दूधवाला, पेपरवाला आणि धुणंभांडीवाली आहेतच. त्यांना फक्त दोन नंबर द्या: संघाचा एक आणि 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन. दारात दोन दिवसांचे पेपर पडलेले दिसले की फोन करायचा, एवढंच सांगून ठेवा.

हॉलची लांबी-रुंदी आणि खुर्च्या किती मावतील ते कळवा, मांडणीचं चित्र काढून पाठवते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोट्याला वजन बांधू नये. हातांचे प्रकार मात्र पहिल्या दिवसापासून करायला हरकत नाही, तेही वजनाविना.

तुमची,
शुभा