मोजणीआधी आयनांबराचाही अंदाज हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रातल्या हवामानाच्या चौकटीत पाऊस, तापमान, आर्द्रता असते आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ती वाचूनच डाऊनी रोगावरची फवारणी ठरते. तिथे आणखी एक ओळ छापावी, अशी कळकळीची विनंती आहे : संध्याकाळी उपग्रहांचे संकेत डळमळतील का?

जमिनीची मोजणी आता रोव्हरवर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवणाऱ्या फिरत्या यंत्रावर होते. पडद्यावर 'फिक्स' (जागा पक्की ठरली) असेल तर चूक एक-दोन सेंटिमीटर. 'फ्लोट' (अजून पक्की नाही) आला की तीच चूक वीतभर, कधी हातभर. हातभर म्हणजे अख्खा बांध, आणि बांधावरून भाऊबंदकी कोर्टात जाते. त्याहून वाईट खोटा फिक्स. संकेत क्षणभर तुटतो, रोव्हर उपग्रहापर्यंतच्या संकेताच्या लाटांची मोजदाद नव्याने करतो, ती चुकते, आणि पडद्यावर मात्र 'फिक्स'च दिसत राहतो.

यात यंत्राचा दोष नसतो. चुंबकीय विषुववृत्त आपल्याकडे दक्षिण टोकाजवळून जाते; थुंब्याला अग्निबाण तळ उभारला तो त्यासाठीच. तिथे आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन दिवसभर वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला साधारण १५ अंशांवर येऊन साचतात. नाशिक या साठ्याच्या काठावर आहे. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचे एक एकक वाढले की जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या संकेतात १६ सेंटिमीटरची चूक शिरते, आणि सौरक्रिया भरात असताना दुपारी ही एकके शंभरीच्या घरात जातात. बेस, म्हणजे रोव्हरला दुरुस्ती पुरवणारे स्थिर यंत्र, जवळ असेल तर दोन्हीकडची चूक सारखी असल्याने वजा होते. ४०-५० किलोमीटरवर असेल तर पुरती होत नाही. सूर्य मावळल्यावर याच थरात विरळ बुडबुडे उठतात आणि मध्यरात्रीपर्यंत संकेत थरथरत राहतो. विषुवदिनांच्या आगेमागे, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, हा त्रास सर्वांत जास्त. द्राक्षाच्या खरड छाटणी आणि गोडी छाटणीचेही हेच दिवस.

मोबाइलवरचा केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा, पाहून निर्धास्त राहू नये. ० ते ९ मधला हा तीन तासांचा आकडा मुख्यतः उत्तरेकडच्या देशांतल्या चुंबकीय नोंदींवरून काढतात. आपल्याकडचे बुडबुडे केपी २ असतानाही उठतात, आणि चुंबकीय वादळात कधी कधी उलट दबतात.

म्हणून मोजणी सकाळी उरकावी. रस्त्याची आखणी वाहतुकीमुळे रात्रीच करावी लागली, तर बेस १० किलोमीटरच्या आत आणि माहीत असलेल्या खुणेवर लावावा. क्षितिजापासून १५ अंशांखालचे उपग्रह वगळावेत. काम सुरू करताना, मध्ये आणि संपवताना एकाच पक्क्या दगडावर रोव्हर धरावा. तीन वाचनांत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मधली सगळी मोजणी रद्द समजावी. कोपऱ्याचा प्रत्येक बिंदू अर्ध्या तासाच्या अंतराने, रोव्हर बंद-चालू करून, पुन्हा घ्यावा. खोटा फिक्स यातच सापडतो. मूळ नोंदी साठवण्याचा पर्याय चालू ठेवायला मात्र बहुतेक जण विसरतात, आणि मग नंतर गणिताने दुरुस्त करायला काहीच हाती उरत नाही.

आमची मागणी खर्चीक नाही. रोव्हरला दुरुस्ती पुरवणाऱ्या कायमस्वरूपी केंद्रांच्या ३० सेकंदांच्या नोंदींतूनच इलेक्ट्रॉनांचे प्रमाण दर मिनिटाला किती बदलते ते निघते. पाच मिनिटांतला त्याचा चढउतार ०.५ एककावर गेला की बुडबुडे आले असे धरतात. नवे यंत्र नको, एक साधा संगणक पुरतो.

सूर्यावरची नजर हा पुढचा भाग. सूर्यावर नजर ठेवणारे भारताचे यान आदित्य-एल १ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. ताशी नव्हे, सेकंदाला ८०० किलोमीटरने आलेला सौरवारा त्याच्यापासून पृथ्वीवर अर्ध्या तासात पोहोचतो. आणि आदित्य सूर्याच्याच दिशेला असल्याने बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या अँटेनाला तो दिवसाच दिसतो. रात्री परदेशी केंद्रांचा आधार लागतो. अशा वेळी सगळी चित्रे खाली उतरवून मग इथे तपासणे परवडत नाही. यानावरच संगणकाने वादळ ओळखून चार ओळींचा इशारा धाडला पाहिजे.

सध्या अंतराळात डेटा सेंटर उभारण्याची चर्चा जोरात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची एच-१०० चिप कक्षेत गेलीही. पण तिथे पंखा चालवायला हवा नाही. साधारण २७ अंश सेल्सिअसचा एक चौरस मीटर पत्रा एका बाजूने जेमतेम ४०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, आणि अशी एकच चिप ७०० वॉटपर्यंत खाते. शिवाय कणांच्या माऱ्याने स्मृतीतला शून्याचा एक होतो. म्हणून दुरुस्तीक्षम मेमरी, तीन प्रतींत बहुमत आणि अडकल्यास स्वतःला रीस्टार्ट करणारा पहारेकरी टायमर लागतो. एवढा खटाटोप करायचाच तर पहिला मान सूर्यावर पाळत ठेवणाऱ्या यानांना मिळावा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

तोवर चौकटीत इलेक्ट्रॉनांच्या चढउताराचा आदल्या संध्याकाळचा आकडा छापला तरी चालेल. फेब्रुवारीपासून सुरुवात केली, तर खरड छाटणीपर्यंत वाचकांना तो वाचायची सवय झालेली असेल.

आपले,
मोजणी क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, नाशिक