काका, त्या सात रकान्यांसाठी

प्रिय काका,

तुम्ही डोंबिवलीला लेकाकडे राहायला गेलात त्याला आता वर्ष होईल. समोर असताना तुम्ही लावून दिलेल्या ऑर्डरींच्या त्या शीटसाठी आभार मानायला गेले की तुम्ही विषय आमसुलांवर न्यायचात. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. देवगडात घरातून आंबा-कोकम पाठवणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

तो एप्रिल मला अजून बोचतो. काही ऑर्डरी वहीत, काही व्हॉट्सॲपवर, फोनवर सांगितलेल्या कॅलेंडरच्या पाठीवर. पुण्याच्या एका ताईंना दोन पेट्या गेल्या आणि त्याच आडनावाच्या ठाण्याच्या आजींना एकही नाही. नातवाच्या मुंजीसाठी सांगितलेला आंबा होता तो. मी फोनवर माफी मागत होते आणि तुम्ही पडवीत बसून ऐकत होतात.

एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा, विकत घेते, असं मी म्हटलं. तुम्ही काहीच सुचवलं नाहीत. तीन दिवस नुसते येऊन बसलात, मी काय कुठे लिहिते ते पाहिलंत. चौथ्या दिवशी विचारलंत, "नेमक्या खंय चुकता तुझा?" एवढा साधा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता.

मग माझ्याच फोनवर गूगल शीट्स उघडलंत. सात रकाने: तारीख, फोन, नाव, पत्ता, डझन, पैसे, पेटी कुठे. फोन नावाच्या आधी, कारण आडनावं सारखी असतात, नंबर नसतो. बँकेत आम्ही खातेक्रमांकच बघायचो, असं तुम्ही म्हणालात. तोच नंबर पुन्हा आला की चौकट लाल होते. शेवटच्या रकान्यात टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं: सांगितली, अढीत, भरली, गेली, पोचली. ‘अढीत’ हा शब्द तुम्ही घातलात. आंबा अजून पेंढ्यात आहे, पिकायला चार-पाच दिवस लागतील, हे त्या एका शब्दात गिऱ्हाइकाला सांगता येतं. विकतच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मला हा शब्द मिळाला असता?

डझनांची बेरीज करणारं सूत्र तुम्ही स्वतः लिहून दिलं नाहीत. बरोबरच्या चिन्हापासून माझ्याकडून लिहून घेतलंत, तीनदा चुकले तरी फोन हातात घेतला नाहीत. तेव्हा मला थोडा राग आला होता. पुढच्या हंगामात कोकम आगळासाठी वेगळी शीट मी एकटीने केली तेव्हा कळलं, तुम्ही काय देऊन गेलात.

खातंही तुम्ही माझ्याच नावाने काढायला लावलंत. पासवर्ड सांगायला गेले तर कानावर हात ठेवलेत. "धंदो तुझो, किल्ली तुझ्याकडेच रवूक व्हयी." आणि बँकेतल्या माणसाने द्यावी तशी ताकीद: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, मागेल तो फसवणारा. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट बघून पेटी सोडायची नाही, आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच सोडायची. हे दोन नियम मी पॅकिंगच्या टेबलावर खडूने लिहून ठेवलेत.

व्हॉट्सॲप बिझनेसची लेबलं आणि तयार उत्तरं लावून दिलीत, त्याने रात्रीचा तासभर वाचतो. पण आमच्या घरात सर्वांत मोठा बदल बोलून टाइप करण्याने झाला. मे महिन्यात आई कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात घालत असते, कोपरापर्यंत हात लाल. त्या हातांनी फोनला शिवणार कशी? तुम्ही कीबोर्डवरचा माइक दाखवलात, मराठी भाषा लावलीत आणि फोन खिडकीत उभा केलात. आता मी माइक दाबून बाजूला होते, ती वाळवणावरून बोलते, "आमसुलां दोन किलो, सावंतवाडी," आणि अक्षरं उमटतात. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "ह्येका माझा समजता गो!" तिचं ते हसू मला कधी विसरता येणार नाही. फोन कधीमधी आमसुलाचं भलतंच काहीतरी लिहितो, मी संध्याकाळी नीट करते.

आणि नेट नसतानाही शीट उघडावी म्हणून तुम्ही लावलेली ती ऑफलाइनची खूण. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमची लाइट गेली, नेटवर्क गेलं, वही भिजली, कोणाचे किती येणे होते ते आठवून आठवून लिहावं लागलं. तुम्हाला ते सांगितलं होतं, तुम्ही लक्षात ठेवलंत. गेल्या जूनच्या पहिल्याच पावसात दोन दिवस नेटवर्क नव्हतं, तरी फोनमध्ये सगळी शीट उघडत होती. कंदिलाच्या उजेडात शेवटच्या अकरा पेट्यांचा हिशेब मी त्यावर पुरा केला.

यंदाच्या शीटमध्ये पहिली ओळ तुमची आहे. डझन: चार. पेटी कुठे: अढीत. अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचेल. पैशांची चौकट मी रिकामी ठेवून लॉक केली आहे, तिथे काही भरायचा आग्रह धरू नका. काकूंना आगळाची बाटली वेगळी ठेवलीय.

तुमची,
खालच्या वाडीतली पोरगी