डॉक्टर व्हायला निघालेला माणूस कॉम्प्युटर करून बसला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरच्या क्रांतीवर परत एकदा लेख आला, परत तेच गॅरेजमधले स्टीव्ह जॉब्स, कॉलेज सोडलेले बिल गेट्स, आणि शेवटी स्वप्नं मोठी बघा. लेख वाईट नव्हता, फोटो बी झकास होते. पण ज्या माणसाच्या कॉम्प्युटरच्या डब्ब्यामुळं हे सगळे धंद्याला लागले त्याचं नावच कुठं नाही म्हणून हे पत्र लिहायलोय. एड रॉबर्ट्स. आमच्या मराठवाड्यातल्या लेकरांना कुणाची गोष्ट सांगायचीच असेल तर गेट्सपेक्षा याची सांगा, कारण या माणसाला मुळात कॉम्प्युटर करायचाच नव्हता, डॉक्टर व्हायचं होतं.

मी परभणीत रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान चालवतो. आता टीव्ही कमी अन् इन्व्हर्टर, मोटारीचे स्टार्टर, ऑटोस्विच हेच जास्त येतंय, पण सोल्डरिंगचा नाद जुना आहे त्यामुळं अशा माणसांबद्दल वाचत असतो.

तर हा रॉबर्ट्स १९४१ चा, अमेरिकेत मायामीला जन्मलेला. लहानपणापासून इलेक्ट्रॉनिक्सचं वेड, पण कॉलेजात गेला ते डॉक्टरकीसाठी. तिथं त्याला एक मेंदूचे सर्जन भेटले, त्यांना बी सर्किटचा शौक, ते म्हणले आधी इंजिनिअरिंगची डिग्री घे, डॉक्टरकीचं मग बघ. तेवढ्यात लग्न झालं, लेकराची चाहूल लागली, पैसा पाहिजे होता, म्हणून गडी १९६२ ला एअर फोर्समधे भरती झाला. पुढचं शिक्षण त्या नोकरीतूनच झालं, १९६८ ला ओक्लाहोमातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि पोस्टिंग मिळाली न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला. सिलिकॉन व्हॅलीपासून लै लांब, कोरडा मुलूख.

१९६९ ला त्यानं सोबतीच्या तिघांना घेऊन मिट्स नावाची छोटी कंपनी काढली. माल काय, तर हौशी लोक खेळण्यातले रॉकेट उडवतात त्यात बसवायचे दिवे, ट्रान्समीटर, असले किट, म्हणजे सुटं सामान, घरी स्वतः जोडायचं. ते काही फार खपलं नाही. मग १९७१ ला कॅल्क्युलेटरचं किट आणलं आणि ते मात्र धडाक्यात चाललं, माणसं वाढवली, जागा वाढवली, आणि मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सारखे मोठे खेळाडू स्वतःच कॅल्क्युलेटर विकायला उतरले अन् भाव असे पडले की बाजारात तयार कॅल्क्युलेटर याच्या नुसत्या सामानाच्या खर्चाहून स्वस्त. १९७४ उजाडेपर्यंत अंगावर तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज.

अशा टायमाला शहाणा माणूस काय करतो, दुकान आवरतो. यानं ठरवलं कॉम्प्युटरचं किट काढायचं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे विद्यापीठाचा नाहीतर मोठ्या कंपनीचा, एसी खोलीत ठेवलेला, आपल्यासारख्यानं काचेतून बघायचा. घरी कॉम्प्युटर घेऊन कोण काय करणार याचं उत्तर बँकवाल्याकडं नव्हतं आणि खरं सांगायचं तर रॉबर्ट्सकडं बी पक्कं नव्हतं, त्याला स्वतःला एक पाहिजे होता एवढंच, आणि आपल्यासारखे अजून दोन-चारशे येडे देशात असतील असा हिशेब. २०० किट गेले तरी खर्च निघतोय असं त्याचं गणित. बँकेला सांगितलं ८००, आणि अजून ६५,००० डॉलर उचलले.

इंटेल कंपनीची ८०८० ही चिप, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तेव्हा नवी होती, सुट्टी घेतली तर एकीची किंमत ३६० डॉलर. यानं ठोक घेतो म्हणून सौदा केला आणि ती ७५ डॉलरला पाडली. म्हणून अख्खं किट ३९७ डॉलरला देता आलं, म्हणजे तेव्हाच्या भावानं तीन हजार रुपयाच्या वर. नाव ठेवलं अल्टेअर ८८००.

आता हे यंत्र कसं होतं ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, दिसायला डीपीच्या डब्ब्यासारखा निळा चौकोनी डब्बा, पुढच्या पट्टीवर ओळीनं बटनं आणि बारीक लाल दिवे. एक एक आकडा द्यायचा म्हणजे बटनं वर-खाली करून शून्य-एक असं मांडायचं, मग ‘डिपॉझिट’चं बटन दाबायचं, मग पुढचा आकडा. सगळा प्रोग्रॅम असा भरायचा, मधे एक बटन चुकलं तर शोधत बसा, आणि लाईट गेली की सगळं पुसलं. (आमच्याकडं असतं तर एक प्रोग्रॅम पुरा झाला नसता.) आणि उत्तर काय, तर दिव्यांची उघडझाप. मेमरी २५६ बाईट. मोबाईलमधे मराठीचं एक अक्षर किंवा एक काना-मात्रा साठवायला ३ बाईट लागतात, म्हणजे त्या मशीनमधे असली ८५ चिन्हं मावली असती, माझं हे वाक्य सुद्धा मावलं नसतं. आणि हे सगळं तयार मिळत नव्हतं, किट यायचं, शेकडो टाके स्वतः मारायचे, आणि एक जरी कोल्ड सोल्डर, म्हणजे कच्चा टाका, राहिला तर मशीन मुकं.

आता तुमच्या लाईनीतला भाग सांगतो संपादक साहेब. हे मशीन लोकांपर्यंत नेलं ते एका मासिकानं, पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स. त्यांच्याशी स्पर्धा असलेल्या दुसऱ्या मासिकानं १९७४ च्या जुलैत मार्क-८ नावाचा घरी जोडायचा कॉम्प्युटर छापला होता, त्यामुळं यांना बी एक पाहिजेच होता, आणि टेक्निकल एडिटर लेस सॉलोमन रॉबर्ट्सला ओळखत होते. रॉबर्ट्सनं एकुलतं एक तयार मशीन फोटोसाठी न्यूयॉर्कला पार्सल केलं आणि ते वाटेतच गहाळ झालं. दुसरं करायला वेळ नव्हता. मग काय, रिकाम्या डब्ब्याला बटनं अन् दिवे बसवून पाठवला आणि जानेवारी १९७५ च्या अंकाच्या कव्हरवर तोच छापला. ज्या फोटोनं पर्सनल कॉम्प्युटरचा धंदा सुरू झाला त्यात आतमधे काहीच नव्हतं. तुम्ही मात्र असं काही करू नका.

अंक बाजारात आला आणि पत्रं, चेक, फोन सुरू झाले. वर्षाला २०० खपले तरी बस म्हणणाऱ्या माणसाकडं फेब्रुवारीत हजारभर ऑर्डरी, ऑगस्टपर्यंत पाच हजारावर मशीन रवाना. वेळेवर माल देता देता कंपनीच्या नाकी नऊ आले, लोक महिनोनमहिने वाट बघत बसले, तरी पैसे पाठवायचे थांबेनात. कामून, तर कॉम्प्युटर ‘माझा’ म्हणता येईल एवढ्यासाठी.

तो अंक बॉस्टनकडं पॉल ॲलननं स्टॉलवर बघितला अन् पळत जाऊन हार्वर्डमधे शिकणाऱ्या आपल्या दोस्ताला, बिल गेट्सला, दाखवला. या दोघांकडं अल्टेअर नव्हता, तरी त्यांनी रॉबर्ट्सला कळवलं की आमच्याकडं याच्यासाठी बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा, तयार आहे, आणि मग खरंच लिहायला बसले, ते बी विद्यापीठाच्या मोठ्या मशीनवर अल्टेअरची नक्कल चालवून. १९७५ च्या मार्चमधे ॲलन त्या बेसिकची टेप घेऊन अल्बुकर्कीला गेला, खऱ्या मशीनवर पहिल्यांदाच चढवली, २ + २ विचारलं, ४ आलं. मायक्रोसॉफ्ट सुरू झाली ती तिथं, अल्बुकर्कीत, रॉबर्ट्सच्या दारात. त्याच मार्चमधे कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एका गॅरेजात हौशी लोक जमले, होमब्रू कॉम्प्युटर क्लब, आणि मधे ठेवलेलं मशीन होतं अल्टेअर. त्या बैठकीला जॉब्सचा जोडीदार स्टीव्ह वॉझ्निॲक गेला होता आणि तिथून आल्यावर त्याच्या डोक्यात जे सुरू झालं ते म्हणजे ॲपल-१, ॲपलचा पहिला कॉम्प्युटर. म्हणजे आपण ज्या गॅरेजच्या आरत्या ओवाळतो त्याच्या आधीचं गॅरेज हे.

त्याच क्लबातल्या एका पठ्ठ्यानं अल्टेअरशेजारी ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला. मशीन चालताना त्याची खरखर रेडिओवर येते हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून असा प्रोग्रॅम लिहिला की त्या खरखरीतून गाण्याची चाल निघाली. रिपेअरिंगवाल्याला खरखर म्हणजे डोकेदुखी, आम्ही ती घालवायचे पैसे घेतो, त्यानं तिचं गाणं केलं!

पहिला पर्सनल कॉम्प्युटर अल्टेअरच असं मी म्हणत नाही. १९७१ चा केनबॅक-१ होता, १९७३ चा फ्रान्सचा मिक्राल होता, वर सांगितलेला मार्क-८ होता. पण बाजार उभा राहिला तो याच्यावर. अल्टेअरच्या आत १०० पिनांचे स्लॉट, म्हणजे खाचा, होते, त्यात कुठल्याबी कंपनीचं कार्ड, म्हणजे जादाचं सर्किट, बसायचं. मिट्सचे मेमरी बोर्ड गंडायचे म्हणून दुसऱ्यांनी चांगले बोर्ड करून विकायला घेतले, कुणी तर अख्खी नक्कलच काढली, आणि बेसिकच्या टेपच्या कॉप्या एवढ्या फुकट फिरल्या की १९७६ ला गेट्सनं हौशी लोकांना उघडं पत्र लिहून चोरी करताय म्हणून झापलं. रॉबर्ट्सनं यातलं काहीच ठरवलं नव्हतं, त्याला कर्ज फेडायचं होतं.

१९७७ ला त्यानं कंपनी पर्टेक नावाच्या दुसऱ्या कंपनीला विकून टाकली. त्याच वर्षी ॲपल-२ आला, तयार कॉम्प्युटर दुकानात मिळायला लागले, खरी कमाई तर आता सुरू होणार होती. हा गडी जॉर्जिया राज्यात जाऊन शेती करायला लागला. आणि मग तिकडं मेकन शहरात मर्सर विद्यापीठाचं नवं मेडिकल कॉलेज १९८२ ला निघालं, खेड्यापाड्याला डॉक्टर मिळावेत म्हणूनच काढलेलं, तर हा चाळिशी ओलांडलेला माणूस पोरांच्या बाकावर जाऊन बसला, १९८६ ला डॉक्टर झाला, आणि कॉक्रन नावाच्या छोट्या गावात शेवटपर्यंत पेशंट तपासत राहिला. २०१० च्या एप्रिलमधे गेला. शेवटच्या आजारपणात बिल गेट्स स्वतः दवाखान्यात भेटून गेले.

आता लातूरकडं या. माझा भाचा तिथं नीटच्या तयारीला आहे. सातवीत असताना त्यानं माझ्या दुकानावर बसून टाकी भरली की वाजणारा अलार्म केला होता, दोन ट्रान्झिस्टरचा, अजून त्यांच्या घरी चालतोय. दहावी झाली, बायोलॉजी घेतलं, आणि तेव्हापासून सोल्डर गन ट्रंकेत. बहीण म्हणते दादा त्याला आता नादी लावू नको, दोन वर्ष जाऊ दे. मी तिला नावं ठेवत नाही. पाऊस दगा देतोय, सोयाबीनला भाव नाही, घरात एक डॉक्टर झाला की दोन पिढ्या उभ्या राहतात हे आम्हाला बी कळतंय, लातूर पॅटर्ननं कितीतरी घरं वर आली. पण तिकडं अकरावी-बारावीला बायफोकल म्हणून जो धंदेशिक्षणाचा विषय असतो त्याला इलेक्ट्रॉनिक्स घेतात ते बी मार्क चांगले पडतात म्हणून, आणि त्यातलं लेकरू रेझिस्टर हातात घेऊन त्याच्यावरच्या रंगाच्या पट्ट्यांवरून किंमत वाचू शकत नाही. सोळाव्या वर्षी एकदा खिडकी निवडली की दुसरी बंद, असं आम्ही धरून चाललोय, आणि रॉबर्ट्स दोन्ही खिडक्यांवर उभा राहून आला. त्याला त्या टायमाला आमच्यासारखा मामा अन् आमच्या बहिणीसारखी आई भेटली असती तर कुणाचं ऐकलं असतं काय की.

सरकारनं अटल टिंकरिंग लॅब म्हणून शाळांना २० लाखापर्यंत अनुदान ठेवलंय, सहावी ते बारावीच्या लेकरांनी हातानं करून बघावं म्हणून. चांगली योजना आहे, काही शाळांत जोरात चालू बी आहे. आमच्या भागातल्या एका शाळेत मात्र कपाटाला कुलूप आहे, सामान खराब होईल म्हणून. सामान खराब झाल्याशिवाय कुणी शिकलंय का? माझ्या वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा रेडिओ घरात ठेवायला सुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागायचं, पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे, तरी गावात तीन-चार जण असे होते की घरचा रेडिओ खोलून परत जोडायचे. आज पार्ट ऑनलाईन घरपोच येतात आणि खोलणारं कुणी नाही.

म्हणून संपादक साहेब तुमच्याकडं मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याशेजारी पाव पान द्या, दर आठवड्याला एक सर्किट, मराठीत, चित्रासकट, शंभर-दीडशे रुपयाच्या सामानात होणारं. मोटारीला पाणी नसलं की बंद करणारं, गोठ्यातला दिवा अंधार पडला की लावणारं, असलं. लेकरांनी केलेलं फोटोसकट छापा, नापास झालेलं सुद्धा छापा. सर्किट काढून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत, फक्त छापताना रेझिस्टरच्या किमती चुकवू नका, तिथं एक शून्य इकडचं तिकडं झालं की धूर निघतो आणि मग फोन मला येतील. आणि परभणीत रविवारी सकाळी दोन तास कुणी शाळेची खोली, मंगल कार्यालय, काहीबी उघडून देत असेल तर पेपरात तेवढं कळवा. प्लग पॉईंट चालू पाहिजेत. सोल्डर गन, मल्टिमीटर अन् जुन्या टीव्हीचे पोतंभर बोर्ड माझ्याकडून.

आपला,
रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगवाला एक वाचक,
परभणी