मोटर जळत नाही, कार्ड जातं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आयटीआय ॲडमिशनची बातमी परवा तुमच्या पेपरात वाचली. इलेक्ट्रिशियनला झुंबड, बाकी काही ट्रेडच्या जागा रिकाम्या, दरवर्षीसारखंच. पण बातमी पोरांच्या ॲडमिशनपाशी येऊन थांबते आणि जे पस्तीस वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडले आणि आता अडकलेत त्यांचं काय, हे कुणी विचारत नाही म्हणून लिहायला बसलो. लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं साखर पेठेत मोटर वायंडिंगचं दुकान आहे. 1989 ला वायरमन ट्रेड पास झालो, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं शटर उघडलं. तेव्हा सोलापुरात वायंडिंगवाल्याला मरण नव्हतं बघा. घरोघरी लूम म्हणजे यंत्रमाग, लूमला एक एचपीची मोटर, सुताचा बारीक कचरा आत जाऊन ती तापणार, जळणार आणि दुपारच्या आत माझ्याकडे येणार. जुनी कॉईल कापून वेढे मोजायचे, तारेचं गेज बघायचं, स्लॉटमध्ये पेपर सारून नवीन कॉईल भरायची, वॉर्निश मारून सुकवायची आणि सकाळी मोटर परत. रात्री घरी गेलो की बायको शर्ट दारातच काढायला लावायची, जळक्या वॉर्निशचा वास घरभर होतो म्हणून. आता तो वास महिन्यातून दोनचार वेळाच येतो.

झालं काय, तर रेपियर लूम आले. साधा लूम मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक म्हणजे आडवे धागे मारायचा, हा तीनशेच्या वर जातो. कारखानदाराला दोष देत नाही, टॉवेलचं मार्केट धरायचं तर त्यालाही हे करावंच लागतं. पण रेपियरला आडवा धागा नेणारा धोटा नाही आणि धोटा नाही म्हटल्यावर त्यात बसणारी सुताची कांडीही नाही, आडवा धागा थेट कोनवरून उचलला जातो. म्हणजे कांडी भरणाऱ्या बायकांचं काम गेलं, कुणी काढून टाकलं नाही की संप झाला नाही, नवीन मशीनला ते काम लागतच नव्हतं एवढंच. आमच्या बोळातल्या दोघी कांडीवरून युनिफॉर्मच्या शिलाईवर गेल्या, एक परत विड्या वळायला लागली. शिलाई मशीनच्या क्लच मोटरी पण माझ्याकडे यायच्या ओ, आता तिथंही छोटी सर्वो मोटर आणि तिच्या बाजूला एक डबी.

ती डबी हाच माझा सगळा प्रॉब्लेम आहे. पूर्वी मोटर जळायची, आता डबीतलं कार्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, जाते. लूमचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी डबी, गेला की इचलकरंजीला नाहीतर सुरतेला पाठवा, आठ-दहा दिवस लूम बंद आणि लूमवरचा कामगार घरी. साधा छताला लटकणारा पंखा घ्या. जुना पंखा 75 वॅटचा, त्याचं वायंडिंग मी डोळे झाकून करीन. आता 30 वॅटवाला बीएलडीसी पंखा येतो, चुंबकाच्या मोटरचा, त्याची कॉईल सहसा जळत नाही, आतली पीसीबी म्हणजे तेच कार्ड जातं आणि गिऱ्हाईक तो माझ्या टेबलावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. पार्सल पोचवणारा एक पोरगा बॅटरीची स्कूटर ढकलत ढकलत दुकानापर्यंत आला. गाडी झटके खात होती आणि जिथून घेतली तिथं त्याला सांगितलं पूर्ण मोटर बदला, त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा खर्च. मी म्हटलं खोलू तर दे. मागच्या चाकातच मोटर असते, चाक काढलं, कव्हर ओढलं तर आत चुंबकांची ओढ अशी की बोट चिमटलं. वायंडिंग एकदम चकाचक. आत तीन हॉल सेन्सर असतात, चाक कुठल्या पोझिशनला आहे ते कंट्रोलरला कळवायला, त्यातला एक मेला होता. एवढुसा तुकडा, चहा-भज्यांपेक्षा थोडाच महाग. बदलला, गाडी सरळ चालली. पोराने पाया पडायचंच बाकी ठेवलं. पण खरं सांगू का, मला हे कुणी शिकवलेलं नाही, रात्री मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ बघून बघून शिकलो आणि ते करताना एकदा मरता मरता वाचलोय.

झालं असं, लूमचा एक ड्राइव्ह बंद केला, प्लग काढला आणि खोलायला घेतला. व्हिडिओत त्या माणसाने सांगितलं असेल किंवा मी पुढं ढकललं असेल, पण लाईट काढल्यावरही आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये पाचशेच्या वर डीसी व्होल्ट काही मिनिटं तसेच राहतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर लागला, फट्ट झालं, त्याचं टोक वितळून गेलं. ते टोक गेलेलं हत्यार अजून दुकानात खिळ्याला टांगून ठेवलंय, पोरांना दाखवायला. हेच हातातून गेलं असतं तर हे पत्र लिहायला मी नसतो. वर्गात शिकवणारा माणूस समोर असता तर पहिल्याच दिवशी त्याने हे सांगितलं असतं की नाही?

माझे वडील मिलमध्ये होते. 1877 साली जुनी मिल निघाली तेव्हापासून या गावाला कामगार घडवायची एकच पद्धत माहीत, आधी बदली कामगार म्हणून लागा, जॉबरच्या म्हणजे मशीन सांभाळणाऱ्या मुकादमाच्या मागं उभे राहा, त्याच्या शिव्या खा आणि शिका. चांगलीच पद्धत होती, भोंगा वाजायचा तोवर. मिल बंद पडली तेव्हा वडील पन्नाशीचे, वायंडिंग खात्यात आयुष्य गेलेलं (त्यांचं वायंडिंग सुताचं, माझं तारेचं, घरात यावर लई विनोद व्हायचे) आणि पुढं एका अपार्टमेंटच्या वॉचमनगिरीवर दिवस काढले. हाताला कसब होतं, नवीन काही शिकायला जागा नव्हती. आज मी 54 चा आहे आणि तशाच ठिकाणी उभा आहे.

योजना नाहीत असं नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 ला आली, आयटीआयवाल्याला महिना 8000 रुपये, पण वयाची अट 18 ते 35. ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन पोरगा तिच्यातून एका ऑफिसात लागला, सहा महिने आवक-जावक रजिस्टर लिहिलं, पक्कड हातात धरली नाही. विश्वकर्मा योजना 2023 ची, तिच्यात 18 धंदे, शिंपी आहे, न्हावी आहे, होडी बनवणारासुद्धा आहे. मोटर वायंडिंगवाला नाही आणि सोलापूरच्या माणसाला हसू येईल, पण कापड विणणारा विणकरही नाही.

आयटीआयत आता इलेक्ट्रिक गाडीच्या मेकॅनिकचा ट्रेड आलाय, चांगलं आहे, पोरांनी जावं. आपल्याच एमआयडीसीतून इंजिनात लागणारे कॅमशाफ्ट जगभर जातात आणि बॅटरीच्या गाडीला कॅमशाफ्ट लागतच नाही, म्हणजे उद्या ही वेळ टर्नर-फिटरवर पण येणार आहे. पण दिवसभराचा एक-दोन वर्षांचा कोर्स दुकान बंद ठेवून मी कसा करणार?

म्हणून मागणी एवढीच आहे. आयटीआयचं वर्कशॉप संध्याकाळी कुलपात असतं, मशीन झाकलेल्या असतात. तिथं सहा ते नऊ तीन महिन्यांची एक बॅच काढा, वयाची अट नको, दहावीचं सर्टिफिकेट पण मागू नका. कार्ड कसं वाचायचं, बारीक सोल्डरिंग, ड्राइव्हचं सेटिंग आणि लिथियम बॅटरीला हात कुठं लावायचा नाही, एवढं शिकवा. फुकट नको, फी भरतो. शिकवायला सर कमी पडत असतील तर रेपियरवर काम करणाऱ्या जॉबर लोकांना बोलवा, त्यांच्याकडे कागद नाही पण मशीनचा नुसता आवाज ऐकून ते बिघाड सांगतात, मी कितीदा बघितलंय. त्यांना तासाचे पैसे द्या. आमच्या लाईनीतले, लूमवाले, पंखेवाले, गॅरेजवाले धरून 22 जणांची नावं मी वहीत लिहून घेतलीत, चहा पिता पिता एका आठवड्यात जमली. त्यात एक जण 61 वर्षांचा आहे, त्याने नावापुढं स्वतःच्या हाताने "नक्की" असं लिहिलंय.

पत्र मोठं झालंय, काटछाट करा, वडिलांचं काढलं तरी चालेल, पण संध्याकाळच्या बॅचचं तेवढं ठेवा.

आपला,
एक वायंडिंगवाला, साखर पेठ, सोलापूर