पुढचे पाऊल शिक्षकाला ठरवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नैदानिक चाचणीचे, म्हणजे मुलाचे नेमके कुठे अडते ते शोधणाऱ्या चाचणीचे, गुण भरले की कोणत्या मुलाला कोणत्या गटात बसवायचे आणि त्याच्याकडून कोणत्या कृती करून घ्यायच्या, याची तयार यादीच शिक्षकाच्या हाती पडते, अशी पद्धत रूढ होत चालली आहे. चाचण्यांना माझा विरोध नाही; प्राथमिक वर्गांना गणित शिकवताना मी सतत त्यांचा आधार घेते. मात्र गुण कळणे आणि उपचारात्मक अध्यापन, म्हणजे अडलेला भाग पुन्हा वेगळ्या रीतीने शिकवणे, सुरू होणे यांच्यामध्ये शिक्षकाने थांबून विचार करायचा असतो, आणि नेमकी तीच पायरी आता गाळली जात आहे.

५२ वजा ३८ हे साधे उदाहरण घ्या. माझ्या वर्गात एका मुलीने याचे उत्तर २६ लिहिले आणि एका मुलाने २४. बरोबर उत्तर १४ असल्यामुळे दोघांनाही शून्य गुण मिळाले आणि 'हातच्याची वजाबाकी कच्ची' या एकाच गटात दोघांची नावे आली. मुलीला जवळ बसवून "कसं केलंस गं?" असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले." तिला दशक सुटा करता येतो हेच ठाऊक नव्हते. मुलाने मात्र हातचा नीट घेतला होता, फक्त पाचाचे चार करायचे तो विसरला होता. मुलीला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडवत काही दिवस काम करावे लागले, तर मुलाला हातचा घेतल्याबरोबर वरचा अंक खोडून नवा लिहिण्याची सवय लावणे पुरेसे ठरले. यादीप्रमाणे दोघांकडूनही एकच सरावपत्रिका सोडवून घेतली असती, तर मुलीने आपली चुकीची रीतच अधिक पक्की केली असती. मुलांच्या अशा अनेक चुका निष्काळजीपणातून होत नाहीत, त्यांच्यामागे एखादा चुकीचा पण ठाम नियम असतो, हे जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्याच चुकांचा अभ्यास करून दाखवून दिले होते. तो नियम कधी उत्तरपत्रिकेवरून ओळखता येतो, पण पुष्कळदा मुलाशी बोलल्याशिवाय कळत नाही.

शिक्षकाचा अंदाजही चुकतो, हे मला मान्य आहे. नीटनेटकी वही आणि सुवाच्य अक्षर पाहून आपण मुलाला जास्त येते असे धरून चालतो, आणि अबोल मुलाला कमी येते असे समजतो. वर्गात सगळ्यांबरोबर मोठ्याने उत्तर देणारा माझा एक विद्यार्थी २५ हे ३ पेक्षा मोठे म्हणून ०.२५ ही संख्या ०.३ पेक्षा मोठी मानतो, हे मला चाचणीमुळेच समजले. म्हणूनच चाचणी हवी. तिच्यामुळे शिक्षकाला आपले मत पुन्हा तपासता येते. मात्र एका संकल्पनेवर जेमतेम दोन-तीन प्रश्न असतात आणि त्या दिवशी मूल आजारी किंवा भेदरलेले असू शकते, त्यामुळे चाचणीचा निष्कर्षही तितक्याच कसोशीने पारखायला हवा, आणि ते काम मुलाला रोज पाहणाराच करू शकतो.

शाळांची तुलना करण्यासाठी हेच गुण वापरले जाऊ लागले, की परिस्थिती आणखी बिघडते. मग चाचणीत येणारे प्रश्नच आधी घोटून घेतले जातात, गुण वाढतात आणि मुलाचे नेमके कुठे अडते ते झाकले जाते.

माझी मागणी साधी आहे. चाचणीनंतरचे काही तास नवे माहितीपत्रक भरण्यासाठी नव्हे, तर चुकलेल्या मुलांजवळ बसण्यासाठी राखून ठेवावेत. यादीतील गट बदलण्याची मुभा शिक्षकाला असावी आणि त्यामागचे कारण त्याने दोन ओळींत नोंदवावे, म्हणजे मुख्याध्यापकांना किंवा सहकाऱ्यांना त्यावर चर्चा करता येईल आणि निर्णय चुकला असेल तर तो सुधारताही येईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका