शेणीच्या बुट्टीतली बुलेटिनं

1942 च्या चळवळीत आमची आजी परकरातली पोर. भूमिगतांची बुलेटिनं ती पोचवायची, हे तिनं आजोबांनाही कधी सांगितलं नाही. सांगितलं ते तिच्या दिवसकार्याला गारगोटीकडनं आलेल्या एका मावशींनी. बुट्टीच्या तळाला बुलेटिनं, वर ओल्या शेणी; पोलीस हात लावायचा नाही! 13 डिसेंबरला गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले, त्या रात्री दोघी पोरी एकाच घोंगड्याखाली रडल्या म्हणे.

मावशी, नाव न सांगताच तुम्ही एस.टी.नं गेलात. तुमचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या त्या पोराचे आणि तुमचे आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. आता कोल्हापूरला मुक्कामालाच या.