गाडीखाली वाकणाऱ्या मिस्त्रींचे आभार

जुनी डिझेल पिकअप घेण्याआधी ऑइल नेमकं कुठून गळतंय हे शोधून देणाऱ्या सगळ्या मिस्त्रींचे मनापासून आभार. नुकत्याच धुतलेल्या इंजिनाला भुलायचं नाही, हे तुम्ही शिकवलंत. इंजिन पुसून 15-20 किलोमीटर फिरवायचं, मग टॉर्च मारून ओलाव्याचं सर्वांत वरचं टोक गाठायचं. ऑइल तिथूनच खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाला, काळा थेंब लोंबतोय म्हणून लगेच क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलला दोष नको, आधी टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगची मागची कड बोटाने चाचपावी. सील स्वस्त, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो! चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडताच भसाभस धूर आला, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. मग आतल्या दाबामुळे नवं सीलही टिकत नाही. अशी गाडी सोडा, असं तोंडावर सांगणाऱ्यांचे जास्तच आभार.